हेंडरसन बेट रिकामं का झालं? (पॅसिफिकमधली बेटं : पाणी, दगड आणि अळू)

सागरगोटा

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेल्या विषयावर आज धागा काढतोय. इथे भूगर्भ, शेती, समुद्र यांतली जाणती मंडळी आहेत, म्हणून धीर केला.

२० डिसेंबर १८२०. एसेक्स नावाचं अमेरिकन व्हेलशिकारी जहाज महिनाभर आधी देवमाशाच्या धडकेने बुडालेलं. तीन छोट्या होड्यांमधून वीस खलाशी दक्षिण पॅसिफिकमध्ये भरकटत हेंडरसन नावाच्या निर्जन बेटाला लागले. त्यांना पाणी सापडेना. शेवटी किनाऱ्यावर एक झरा मिळाला, पण तो भरतीत समुद्राखाली जायचा आणि ओहोटीतच उघडा पडायचा. पक्षी, अंडी, खेकडे असं हाताशी लागणारं खाणं आठवड्याभरात संपत आलं. मग सतरा जण पुन्हा समुद्रात निघून गेले आणि तिघे मागे राहिले. त्या तिघांना पुढच्या एप्रिलमध्ये एका जहाजाने सोडवलं.

वीस माणसांना ज्या बेटाने आठवडाभर धड पोसलं नाही, त्याच बेटावर त्याआधी पॉलिनेशियन माणसं कित्येक पिढ्या नांदली होती. मुलं-बाळं, चुली, गळ, वाकस (लाकूड तासायचं कुऱ्हाडीसारखं हत्यार), सगळा संसार मांडून. हे वाचलं तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

आधी बेटाची ओळख. हेंडरसन साधारण ३७ चौरस किलोमीटरचं आहे. प्रवाळाचा जुना खडक समुद्रातून वर उचलला जाऊन ते झालं. वर सपाट पठार, कडेला तीसेक मीटर उंचीचे कडे आणि सगळीकडे धारदार चुनखडी, चालताना चपला फाटाव्यात अशी. नदी नाही, ओढा नाही. माती नावाला. बसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा, एक तुकडाही नैसर्गिकपणे मिळत नाही. १९८८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, ते तिथल्या पक्ष्यांमुळे आणि वनस्पतींमुळे.

१९९१-९२ मध्ये तिथे एक मोठी शास्त्रीय मोहीम गेली. तिच्यात मार्शल वाइस्लर या पुरातत्त्वज्ञाने किनाऱ्यालगतच्या वस्त्या आणि गुहा खणल्या. जुन्या थरांत त्यांना जे सापडलं ते त्या बेटाचं नव्हतंच. काळ्या ओठांच्या मोत्याच्या शिंपल्यापासून केलेले गळ होते. तो शिंपला पश्चिमेकडच्या मांगारेवा बेटांच्या मोठ्या, शांत लगूनमधला, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यातला. बसाल्टचे वाकस आणि ज्वालामुखी काचेच्या धारदार चिपा पिटकेर्नवरून आलेल्या. इतकंच काय, चुलीत तापवायचे दगडही बाहेरून आणलेले! पॉलिनेशियन स्वयंपाक जमिनीत खड्डा करून, दगड लालबुंद तापवून, वर पानं-माती टाकून होतो. चुनखडी तापली की तडकते, फार तापली तर तिचा चुना होतो. म्हणून चुलीसाठीसुद्धा परक्या बेटावरचा दगड.

तीन बेटं डोळ्यांसमोर आणा. मांगारेवा : डोंगराळ बेटांचा पुंजका, भोवती प्रवाळभिंत, मासे आणि शिंपले भरपूर, लोकसंख्या सर्वांत जास्त. पण वाकसासाठी उत्तम दगड नाही. पिटकेर्न : जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर, सगळीकडून कडे, मासेमारीला सोयीची प्रवाळभिंत नाही, पण तौतामा इथे बारीक कणांचा अव्वल बसाल्ट आणि बेटावरच ज्वालामुखी काच. हेंडरसन : दगड नाही, माती नाही, पण समुद्रपक्षी, कासवं, खेकडे, मासे अमाप. मांगारेवा ते पिटकेर्न पाचशेहून जास्त किलोमीटर, पिटकेर्न ते हेंडरसन आणखी दोनशेच्या आसपास. जोडहोड्यांतून हे अंतर लोक पुन्हापुन्हा कापत होते.

साधारण १४५० नंतरच्या थरांत मात्र चित्र पालटतं. बाहेरचा माल आटत जातो. वाकस राक्षसी शिंपल्याच्या जाड कवचाचे होतात, गळ तिथल्याच लहान शिंपल्यांचे. सुया-टोचण्या पक्ष्यांच्या हाडांच्या. चुलीत प्रवाळाचे आणि चुनखडीचे तुकडे येतात. म्हणजे होड्या यायच्या थांबल्या तरी माणसं लगेच संपली नाहीत. होतं त्यावर त्यांनी भागवलं. आणि मग पुढे कधीतरी थरांत माणूसच नाही.

पिटकेर्नचंही तेच. १७९० मध्ये बाउंटी जहाजावरचे बंडखोर तिथे लपायला गेले तेव्हा बेट ओसाड होतं. पण दगडी चौथरे, कोरलेल्या मूर्ती, वाकस जागोजागी होते.

माझं म्हणणं असं, की एखाद्या बेटावर वस्ती का झाली हे पाहताना आपण त्या बेटावर काय काय आहे याची यादी करतो. मला वाटतं यादी उलटी करावी. काय नाही, आणि ते किती होड्यांच्या अंतरावर आहे? हेंडरसनवर माणूस जगला तो शेजाऱ्यांच्या भरवशावर. तुम्हाला काय वाटतं? खास करून पाण्याबद्दल कुणी सांगितलं तर फार बरं होईल, कारण त्या एका झऱ्याचं कोडं मला उलगडत नाही.

---

केतकीचे_बन

अप्रतिम लेख. वाचनखूण साठवली आहे. चुलीच्या दगडांचं वाचून थांबले. परमुलखातून चुलीसाठी दगड आणायचा, म्हणजे तिथे काही दिवसांची शिकार नव्हती, घर होतं.

---

भूजल

सागरगोटा, पाण्याचं विचारलंत म्हणून लिहितो. किनारपट्टीच्या विहिरींवर बरीच वर्षं काम केलं आहे.

गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. पावसाचं पाणी सच्छिद्र बेटात मुरतं आणि खाली झिरपलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. मध्ये जाड, कडेला पातळ, भिंगासारखा आकार. हिशोब ढोबळमानाने असा, की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली चाळीसेक मीटर खोलीपर्यंत ते असतं. हा आदर्श हिशोब झाला. बेट अरुंद असलं, खडक फार पोकळ असला किंवा पाऊस चुकला की भिंग पातळ होतं आणि पाणी मचूळ होतं.

हेंडरसनची चुनखडी म्हणजे चाळणी. पाऊस पडतो, पण पडल्या पडल्या खाली जातो. पठारावर पाणी दिसणारच नाही. ते भिंगाच्या कडेने, म्हणजे किनाऱ्यावर भरतीच्या रेषेखाली बाहेर पडतं. एसेक्सच्या खलाशांना ओहोटीतच झरा दिसला याचं कारण हेच. झरा वाहत असतो चोवीस तास, भरतीत तो समुद्राच्या पोटात असतो एवढंच. त्यामुळे तिथल्या वस्त्या किनाऱ्याला का आणि पठारावर का नाहीत, याचं अर्धं उत्तर तुम्हाला इथेच मिळतं. उरलेलं अर्धं होडी लावायला वाळूचा पट्टा कुठे आहे त्यात.

याच गोष्टीचं मोठं उदाहरण रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट. १६४ चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर बारमाही ओढा एकही नाही. विवरांमध्ये तीन तळी आहेत, पण लोक राहायचे बहुतेक किनाऱ्यालगत. २०१९ मध्ये काही संशोधकांनी बेटाच्या पूर्व भागातल्या अहूंच्या, म्हणजे पुतळ्यांच्या चौथऱ्यांच्या, जागा तपासल्या. शेतजमीन, मासेमारीच्या जागा आणि गोड्या पाण्याचे पाझर या तीन गोष्टींशी ताडून पाहिलं. चौथऱ्यांची सर्वांत घट्ट जोडी जमली ती किनाऱ्यावरच्या गोड्या पाझरांशी. ते पाझरही ओहोटीतच धड मिळतात. त्या प्रचंड मूर्ती नुसत्या भव्य जागा बघून उभारल्या नव्हत्या, त्या पाणवठ्यांच्या सोबतीला होत्या.

आपल्याकडचं पाहायचं तर सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी. तिथला खडक प्रवाळाचा नाही, पाणी भेगांमधून साठतं, त्यामुळे भिंगाचा हिशोब जसाच्या तसा लावू नये. पण बेटावर तट बांधण्याआधी पाणी बघावं लागतं, ही अट दोन्हीकडे एकच.

अवांतर : आमच्या गावात वाळूच्या पट्ट्यावर पंधरा-वीस विहिरी होत्या. माझ्या लहानपणी पोहऱ्याने पाणी काढायचे, पाणी गोड होतं. मग पंप आले, एका जागेवरून दिवसभर उपसा सुरू झाला आणि सहा-सात वर्षांत बऱ्याच विहिरी मचूळ झाल्या. पातळ भिंगाला जोराचा उपसा सोसत नाही, खालचं खारं पाणी वर चढतं. प्रवाळबेटांवरच्या लोकांना हे रोजच्या जगण्यातून उमगलं होतं. आम्हाला शिकून-सवरून थोपवता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

---

नवशिका_वाचक

दोन शंका आहेत, बाळबोध वाटल्या तर माफ करा. ही माणसं तिथे नेमकी कधी पोचली? आणि कंकणाकृती प्रवाळबेटं एवढी सखल असतात, त्यांच्यावर आधी वस्ती झाली की डोंगराळ बेटांवर?

---

सागरगोटा

@भूजल, मनापासून आभार. 'झरा चोवीस तास वाहतो, भरतीत तो समुद्राच्या पोटात असतो' हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

@नवशिका_वाचक, शंका अजिबात बाळबोध नाहीत. लापिता नावाची नक्षीदार मडकी करणारे लोक साधारण २८०० वर्षांपूर्वी टोंगा-सामोआपर्यंत आले. आणि तिथे थांबले. दीड हजाराहून अधिक वर्षं पूर्वेकडे जवळजवळ काही नाही. मग इसवी सन १००० च्या आगेमागे एकदम झेप : ताहितीच्या बाजूची बेटं, मांगारेवा, हवाई, रापा नुई आणि शेवटी तेराव्या शतकात न्यूझीलंड. माणसाने पृथ्वीवर वसवलेल्या शेवटच्या मोठ्या भूमींपैकी ही. आपल्याकडे देवगिरीचे यादव राज्य करत होते तेव्हाची गोष्ट.

इतका मोठा थांबा का, यावर अभ्यासकांत वाद आहेत. कुणी होड्यांच्या बांधणीकडे बोट दाखवतं, कुणी वाऱ्यांकडे. एक कारण मात्र तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला भिडतं. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी त्या भागात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा मीटर-दोन मीटर वर होती. आज जिथे नारळाची बनं आहेत ती कंकणबेटं तेव्हा लाटांखालचे खडक होते. पाणी हळूहळू उतरलं, खडक उघडा पडला, त्यावर वाळू-गोटे साचले, पावसाचं पाणी त्यात थांबू लागलं, मग ती राहण्याजोगी झाली. म्हणजे लापितावाले पूर्वेकडे बघत असताना वाटेतल्या कित्येक पायऱ्या पाण्याखाली होत्या. उतरायला बेटच नाही तर होडी कितीही चांगली असून काय करणार?

कंकणबेटांवरची शेतीही बघण्यासारखी आहे. किरिबाटीत लोक प्रवाळाच्या वाळूत भूजलापर्यंत खड्डे खणतात, त्यात कुजलेली पानं भरतात आणि अळूच्या जातीतला एक प्रचंड कंद लावतात. त्याला ते बाबाई म्हणतात. तिथे माती हाताने तयार करावी लागते.

---

अळकुडी

अळूचं नाव निघालं आणि मी वाट वाकडी करून आले!

पॅसिफिकमध्ये ज्याला तारो किंवा कालो म्हणतात ते आपलंच अळू, वनस्पती तीच. आपण पानांचं फदफदं करतो, वड्या करतो, अळकुड्या उकडून उपासाला किंवा रश्शात घालतो. तिथे कंद हेच मुख्य अन्न. हवाईत तो उकडून, कुटून त्याची पोई करतात. खाजही तीच. आपण चिंच किंवा आमसूल घालतो, ते लोक कंद आणि पानं भरपूर वेळ शिजवून ती घालवतात.

आणखी गंमत अशी की त्यांच्या होड्यांमधला भाजीपाला आपल्या कोकणातल्या परसाशी फार जुळतो. नारळ, केळी, ऊस, हळद, कोनफळ, नीरफणस. उंडी आणि भेंडीची (भाजीची नव्हे, पारोसा भेंडी) झाडंही तिथल्या किनाऱ्यांवर तीच. रताळं मात्र त्यांना दक्षिण अमेरिकेतून मिळालं, आणि तेही युरोपीय लोक यायच्या कितीतरी आधी.

अळू, केळी, ऊस, नीरफणस यांचं बी पेरत नाहीत. गड्डा, मुनवा, कांडं, फुटवा न्यावा लागतो. तो प्रवासात जिवंत ठेवायचा, खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून जपायचा, वर गोड्या पाण्याचा वाटा त्याला द्यायचा. नव्या बेटावर उतरल्यावर पहिलं काम ते रोप लागेल अशी ओल शोधणं. म्हणून कुठे वस्ती झाली हे बघताना अळूच्या नजरेने बघून पाहा.

हवाईत ते फार स्पष्ट दिसतं. वाऱ्याकडच्या, पावसाच्या बाजूच्या दऱ्यांमध्ये ओढ्याचं पाणी पाटाने फिरवून अळूची खाचरं केली, अगदी आपल्या भातखाचरांसारखी बांध घालून. मोलोकाईवरची हालावा, हवाई बेटावरची वाइपिओ या अशा दऱ्या. जुन्या बेटांवर पावसाने दऱ्या खोल कोरलेल्या, म्हणून खाचरं तिथे जास्त. सर्वांत तरुण असलेल्या हवाई बेटाच्या बऱ्याच भागात ओढेच नाहीत. तिथे पर्जन्यछायेच्या बाजूला कोहालात रताळ्यांची कोरडवाहू शेती उभी राहिली, साठेक चौरस किलोमीटरवर दगड-मातीच्या बांधांचं जाळं. ती शेती एका ठरावीक पट्ट्यातच आहे. पट्ट्याच्या खाली पाऊस अपुरा. आणि वर? वर पाऊस इतका की जमिनीतला कस धुऊन गेलेला! शेतकऱ्यांनी कस असलेली जमीन आणि पुरेसा पाऊस जिथे एकत्र भेटतात तेवढीच पट्टी उचलली. माती तपासणारी प्रयोगशाळा नव्हती, हात आणि पीक हीच परीक्षा.

---

दक्षिणवारा

ऑकलंडहून नमस्कार. सोळा वर्षं इथे आहे, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवलं नाही.

न्यूझीलंडची गोष्ट थोडी वेगळी, कारण हे बेट त्या दर्यावर्दींच्या मानाने खंडच होतं. आणि थंड! नारळ, नीरफणस, केळी इथे तगलीच नाहीत. अळू उत्तरेच्या उबदार भागापुरतं. रताळं, इथलं कुमारा, तेवढं दक्षिण बेटावर बँक्स द्वीपकल्पाच्या आसपासपर्यंत कसंबसं येतं. त्याच्या पलीकडे शेती नाही.

शेतीवर जगणारी माणसं उबदार उत्तरेत एकवटली असतील असं वाटतं ना? सुरुवातीला तसं झालं नाही. मोठमोठ्या आरंभीच्या वस्त्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत, वाइराऊ बार, वाइताकी नदीचं मुख. कारण मोआ. न उडणारे पक्षी, नऊ जाती, त्यातल्या सर्वांत मोठ्या जातीची मादी दोनशे किलोच्या घरात. त्यांनी माणूस कधी पाहिलाच नव्हता. वाइराऊ बारची जागा १९३९ मध्ये तेरा वर्षांच्या जिम आइल्स या शाळकरी मुलाला सापडली. तिथे मोआची हाडं, अंडी आणि माणसांची दफनं एकत्र मिळाली.

शंभर-दीडशे वर्षांत मोआ संपले. मग लोकसंख्येचं वजन उत्तरेकडे, कुमाराच्या जमिनींकडे सरकलं. थंडीत कंद टिकावेत म्हणून जमिनीत कोठारं खणली. वाइकातो भागात तर नदीकाठची वाळू-खडी उपसून शेतात पसरली, माती भुसभुशीत आणि उबदार राहावी म्हणून. जिथे साठवलेला कुमारा तिथे राखण आली, आणि सोळाव्या शतकापासून टेकड्यांवर खंदक खणलेले 'पा', म्हणजे गढ्या, वाढल्या. अशा हजारो गढ्या आजही दिसतात, बहुतेक उत्तर बेटावर. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा टेकडीवरही तसे टप्पे आहेत. संध्याकाळी तिरप्या उन्हात ते उठून दिसतात.

दगडाबद्दल सागरगोटांना अनुमोदन. तुहुआ बेटावरची ज्वालामुखी काच सगळ्या देशभर सापडते, अगदी हजारभर किलोमीटर उत्तरेच्या राऊल बेटावरही. आणि हिरवा पोउनामू दगड दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याचा. तिथे अन्न थोडं, पाऊस बेसुमार, तरी माणसं डोंगर ओलांडून त्यासाठी जात.

---

माळरान

धागा आवडला, पण मला यात एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट बोलतो.

सगळ्यांच्या प्रतिसादांतून असं दिसतंय की पाणी, दगड, कंद एवढं सांगितलं की माणूस कुठे राहील ते ठरलं. माणसं इतकी सरळ चालत नाहीत. हवाईच्या वायव्येला नेकर नावाचं खडकाळ बेट आहे. शेतीला जागा नाही, पाणी अत्यल्प. संसाधनांच्या तराजूत त्याचं वजन शून्य. तरी त्या एवढ्याशा खडकावर तेहतीस दगडी देवस्थानं आहेत! माणूस तिथे पोट भरायला गेला नव्हता. शेजारच्या निहोआवर शेतीचे टप्पे आहेत, राहती घरं होती. दोन बेटांचा संबंध देवाधर्माने बांधलेला दिसतो.

दुसरं उदाहरण तिकोपिया. पाच चौरस किलोमीटरचं बेट, हेंडरसनपेक्षा कितीतरी लहान. तिथे माणसं आजतागायत आहेत. साधारण १६०० च्या सुमारास त्यांनी बेटावरची सगळी डुकरं मारून टाकली, कारण डुकरं बागा उकरतात आणि माणसाचं अन्न खातात. डुक्कर म्हणजे तिथली प्रतिष्ठा, सणाचं मांस, लग्नातली देवघेव. ती सोडून दिली. जंगलाच्या जागी उंच-मध्यम-बुटकी अशी फळझाडांची मजल्यामजल्यांची बाग उभी केली. हा निर्णय होता. बेटाने त्यांच्याकडून करवून घेतला म्हणणं मला अन्याय वाटतो.

आणि मांगाइया बघा. बेटाभोवती चुनखडीचा उंच कडा, मध्ये ज्वालामुखी टेकडी, आणि दोहोंच्या सांध्यात ओढ्यांचं पाणी अडून झालेल्या मोजक्या दलदली. अळू पिकतं ते तिथेच. त्या दलदलींसाठी पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या आणि जिंकणारा जमिनी नव्याने वाटायचा. तिकोपियाने टंचाईवर एक उत्तर काढलं, मांगाइयाने दुसरं. टंचाई दोघांकडेही होती.

---

सागरगोटा

@माळरान, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. नेकरचं उदाहरण माझ्या मांडणीत बसत नाही, हे मान्य. 'काय नाही' या यादीत देव धरता येत नाही.

तिकोपियाबद्दल मात्र थोडं बोलतो. तिथे पावसाचं गोडं पाणी आहे, ज्वालामुखी माती आहे. निर्णय घ्यायला हातात काहीतरी लागतं. हेंडरसनच्या लोकांनीही निर्णय घेतलेच ना. दगड यायचा थांबला तर शिंपला घासून वाकस केला. मोठा गळ गेला तर लहान केला. त्यांच्या कल्पकतेत मला कुठे कमी दिसत नाही. पण लग्नं कुणाशी लावणार? अळूचं बेणं गेलं तर पुन्हा कुठून आणणार? चार-दोन डझन माणसांच्या वस्तीला शेजार लागतो, आणि तो शेजार मांगारेवात तुटला होता. तिथलं जंगल जवळपास संपलं, उतारांची माती खाली वाहिली. १८२५ च्या अखेरीस बीची हा इंग्रज कप्तान मांगारेवाला गेला तेव्हा लोक त्याला तराफ्यांवरून भेटायला आले. ज्यांच्या पूर्वजांनी जोडहोड्यांतून सातशे किलोमीटरचा फेरा जिवंत ठेवला, त्यांच्याकडे मोठी होडी उरली नव्हती. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत दुःखद तपशील वाटतो.

म्हणून आता माझं वाक्य बदलतो. हेंडरसन रिकामं झालं याचं कारण हेंडरसनवर शोधण्यात अर्थ नाही. झाड तुटलं मांगारेवात, माणसं संपली सातशे किलोमीटरवर.

---

माळरान

या रूपात मला पूर्ण मान्य. मांगारेवाच्या लोकांनी झाडं तोडली तीही शेतं आणि घरांसाठीच. त्यातल्या कुणाच्याही मनात हेंडरसनची नातीगोती तोडायची नसणार.

---

नवशिका_वाचक

एक शेवटची शंका. दगड पिटकेर्नचाच हे ठरवतात कसं? काळा दगड सगळीकडे सारखाच दिसतो.

---

दक्षिणवारा

डोळ्यांना सारखा दिसतो, पण प्रत्येक ज्वालामुखीच्या लाव्ह्यात सूक्ष्म मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं. क्ष-किरण मारून ते मोजतात आणि खाणींच्या नमुन्यांशी ताडतात. समस्थानिकांचीही मदत घेतात. २००७ मध्ये वाइस्लर आणि केनेथ कॉलरसन यांनी तुआमोतूच्या एका कंकणबेटावर सापडलेल्या वाकसाचा दगड हवाईच्या काहोओलावे बेटाचा असल्याचं दाखवलं. चार हजार किलोमीटरहून अधिक अंतर. कंकणबेटावर दगडच नसतो, त्यामुळे तिथे मिळालेला प्रत्येक दगड कुणीतरी हाताने आणलेला.

इथल्या संग्रहालयात शिंपल्याचा एक वाकस आहे, पांढराशुभ्र, तळहाताएवढा. आधी मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जायचो. परवा हा धागा वाचून मुद्दाम गेलो. धार अजून आहे. पाठीवर शिंपल्याच्या मूळच्या लाटा तशाच ठेवल्या आहेत, फक्त पुढचा भाग घासलेला.

---

भूजल

धागा वर आलेला पाहून आईला वाचून दाखवला. हेंडरसनच्या झऱ्यापाशी तिने मला थांबवलं. म्हणाली, तुझी पणजी असंच पाणी आणायची. उन्हाळ्यात विहीर आटली की ओहोटीला किनाऱ्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, पाझर गोळा व्हायची वाट बघायची आणि वाटीने कळशी भरायची. वर खणला तर पाणी लागत नाही, खाली खणला तर खारं. जागा ठरलेली होती आणि ती सुनेला सासूकडून कळायची. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. तिथी सांगितली की पणजी पाण्याची वेळ सांगायची.

मी आईला ती जागा विचारली. तिला माहीत नाही. ती लग्न होऊन आली तोवर नळ आला होता.